हलता काठ

पोहणे ही क्रिया पाण्यात घडत असली, तरी तिचा विचार काठापासूनच सुरू करावा लागतो. कोठून उतरायचे, किती आत जायचे, दम लागल्यावर हात कशाला टेकवायचा आणि मुळात त्या पाण्यात उतरण्याचा हक्क कोणाला, या प्रश्नांची उत्तरे पाण्यापेक्षा काठाकडेच असतात. विहिरीचा काठ दगडी आणि स्थिर असतो, हॉटेलातल्या तरणतलावाचा काठ गुळगुळीत आणि आखलेला असतो, समुद्राचा काठ मात्र क्षणोक्षणी जागा बदलत असतो. समुद्रालगतचे ऐषारामी रिसॉर्ट, म्हणजे राहणे, जेवण, करमणूक आणि समुद्राचे सान्निध्य या सर्वांची एकत्र किंमत लावणारे निवासस्थान, हा या हलत्या काठाशेजारी एक स्थिर आणि खासगी काठ उभारण्याचा उद्योग आहे. तो कोठे साधतो आणि कोठे फसतो हे पाहू गेल्यास, किनाऱ्यावरच्या सुखात विकत मिळणारे किती आणि न मिळणारे किती, याचा हिशेब लागू शकतो.

हा हिशेब किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसापेक्षा समुद्रापासून दूर राहणाऱ्याला अधिक स्पष्ट दिसतो. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चितेगाव हे पैठण तालुक्यातले, शेतीबरोबर कारखान्यांवरही जगणारे गाव आहे. तेथून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे शेकडो किलोमीटरवर आहे, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जायचे तर रात्रभराचा प्रवास करावा लागतो. अशा मुलखात पोहणे शिकले जाते ते विहिरीत. उन्हाळ्याच्या सुटीत कमरेला दोर बांधून, पाठीवर वाळवलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा किंवा अलीकडच्या काळात रिकामा प्लास्टिकचा डबा बांधून मुलाला पाण्यात सोडायचे, दोराचे दुसरे टोक काठावरच्या जाणत्या माणसाने धरायचे आणि हातपाय हलू लागले की दोर हळूहळू सैल करीत जायचे, अशी ही पद्धत आहे. विहिरीला उथळ बाजू नसल्यामुळे या शिक्षणात खोलीची भीती पहिल्याच दिवशी संपवावी लागते. पुढे मुटका मारणे, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन धपकन उडी टाकणे, सूर मारणे, तळाशी बुडी घेऊन चिखल वर आणून दाखवणे, या कसरतींतून जो पोहणारा तयार होतो तो खोल पाण्यात निःशंक असतो. मात्र त्याने अनुभवलेले पाणी जागचे हललेले नसते आणि चार हात मारले की भिंत लागते, ही गोष्ट त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती त्याच्या लक्षातही येत नाही.

हलत्या काठाचा अनुभव या मुलखाला अगदीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर, याच तालुक्यात आहे. सुमारे १०२ टीएमसी साठवणक्षमतेचा हा जलाशय विस्ताराने मोठा पण तुलनेने उथळ असल्यामुळे त्याची पातळी थोडी जरी उतरली तरी जमिनीचा रुंद पट्टा उघडा पडतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या या ओलसर, गाळाच्या जमिनीवर जे पीक घेतले जाते त्याला गाळपेर म्हणतात. ही जमीन कधी पाण्याची तर कधी नांगराची असते. तिची मालकी सरकारकडे, वहिवाटीची मागणी धरणग्रस्तांकडे, आणि तिची रुंदी मात्र त्या वर्षीच्या पावसाकडे. पाण्याच्या काठाला निसर्गाची एक रेषा असते, कायद्याची दुसरी आणि उपजीविकेची तिसरी, आणि या तिन्ही रेषा क्वचितच एकमेकींवर बसतात, हे समजून घेण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

काठाचा आणखी एक धडा याच भाषेच्या प्रदेशाने देशाला दिला आहे. गावची विहीर, आड, बारव यांचे काठ सर्वांना मोकळे नव्हते. पाणी तेच असले तरी पायऱ्या कोणी उतरायच्या हे जात ठरवीत असे. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचेही जाहीर केले, तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्याच्या काठावर उतरावे लागले, आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास १९३७ साल उजाडले. कागदावर सार्वजनिक असलेले पाणी आणि पाय ओला करता येईल असे सार्वजनिक पाणी यांच्यात केवढे अंतर असू शकते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणार नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा विचार करताना जातीचा संदर्भ तसाच्या तसा लागू होत नाही. पण पाणी सर्वांचे असूनही वाट कोणाची, हा प्रश्न तोच राहतो.

समुद्राचा काठ हलतो तो प्रथम चंद्रसूर्यांच्या ओढीने. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास लागत असल्यामुळे भरतीची वेळ रोज जवळपास पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते तेव्हा भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते, त्याला उधाण म्हणतात; अष्टमीच्या आसपास हा चढउतार मंदावतो, तो भांगाचा काळ. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, गोव्यात हा फरक दोन मीटरांच्या आसपास असतो. आकडा लहान वाटला तरी पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार तीस मीटरला एक मीटर असा सौम्य असेल, तर उभ्या दोन मीटरांचे आडवे साठ मीटर होतात, आणि सकाळी जेथे पाऊल बुडत होते तेथे दुपारी डोक्यावरून पाणी जाते. पोहणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की समुद्रात उथळ आणि खोल या जागा नसून वेळा आहेत.

दुसरी हालचाल ऋतूंची आहे. जून ते सप्टेंबर या काळातल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू खेचून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे आडवे बांध रचतात. पावसाळा सरल्यावरच्या संथ लाटा तीच वाळू हप्त्याहप्त्याने परत आणून टाकतात. पर्यटनपत्रिकांत दिसणारी रुंद, सोनेरी पुळण ही म्हणून ऑक्टोबर ते मेची पुळण असते. या देवघेवीत पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्या राखीव साठ्याचे काम करतात: वादळाच्या वर्षी समुद्र त्यांतून वाळू उचलतो आणि शांत वर्षांत वारा त्यांची भरपाई करतो. मर्यादवेल नावाची, शेळीच्या खुरासारख्या पानांची आणि जांभळ्या फुलांची वेल या टेकड्यांवर पसरून वाळू धरून ठेवते. मोरजी, आगोंद, गालजीबाग यांसारख्या गोव्यातल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे याच भरतीरेषेच्या वरच्या वाळूत अंडी घालतात, आणि रापण लावणारे मच्छीमार, म्हणजे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबलचक जाळे किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढणारे, याच पट्ट्यात आपल्या होड्या आणि जाळी ठेवतात. ज्या पट्ट्यावर रिसॉर्टला आरामखुर्च्या मांडायच्या असतात, तो रिकामा कधीच नसतो.

मुळात किनारा ही विसाव्याची जागा आहे, ही कल्पना फार जुनी नाही. भारतीय परंपरेत समुद्रस्नान पर्वकाळाशी बांधलेले होते, आणि कोळ्यांच्या दृष्टीने समुद्र हे कामाचे ठिकाण होते. इंग्लंडमध्ये रिचर्ड रसेल या वैद्याने अठराव्या शतकाच्या मध्यात समुद्राचे पाणी औषधी असल्याचा पुरस्कार केला, त्याने ब्रायटन येथे आपला व्यवसाय थाटला, आणि आजाऱ्यांसाठी सुरू झालेले समुद्रस्नान श्रीमंतांच्या हौसेपर्यंत पोहोचले. त्या काळी स्त्रीपुरुषांना चाकांच्या लाकडी खोलीत बसवून घोड्याकरवी पाण्यात नेले जाई, जेणेकरून कोणाच्या नजरेस न पडता उतरता यावे. गोव्यातही मे महिन्यात कुटुंबाने किनाऱ्यावर जाऊन खाऱ्या पाण्यात अंग शेकावे, त्याने सांधे आणि कातडी सुधारते, ही समजूत घरोघर होती. आरोग्याकडून करमणुकीकडे जाण्याचा हा प्रवास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात हॉटेलांच्या रूपाने दिसू लागला. केरळातल्या कोवळम येथे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी टेकडीच्या उतारावर बसवलेले रिसॉर्ट १९७०च्या दशकात उभे राहिले, आणि गोव्यात १९७४ साली बार्देश तालुक्यातल्या सिंकेरी येथे, पोर्तुगिजांनी १६१२ साली पूर्ण केलेल्या अग्वाद किल्ल्याच्या खालच्या तटबंदीलगत, ताज समूहाचे हॉटेल सुरू झाले. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात आणले गेले, त्यानंतर काही वर्षांतच युरोपातून थेट चार्टर विमाने, म्हणजे एखाद्या सहल कंपनीने सबंध भाड्याने घेतलेली विमाने, उतरू लागली, आणि गोव्याचा किनारा जगाच्या सुट्टीच्या नकाशावर पक्का झाला.

सिंकेरीचीच गोष्ट पुढे पाहिली तर किंमत आणि काठ यांचे नाते उघड होते. ६ जून २००० रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, रिव्हर प्रिन्सेस नावाचे मोठे मालवाहू जहाज वादळी समुद्रात भरकटून कांदोळी-सिंकेरी किनाऱ्याजवळ वाळूत रुतले आणि ते पूर्णपणे हलवले जाण्यास २०१२ साल उजाडले. बारा वर्षे किनाऱ्यालगत आडवी राहिलेली ही लोखंडी भिंत लाटांची दिशा आणि वाळूची वाहतूक बदलत राहिली. जहाजाच्या आडोशाला वाळू साचली आणि शेजारच्या पट्ट्यांची झीज झाली. देशातल्या सर्वांत महाग खोल्यांपैकी काहींच्या समोरचा हा किनारा होता, तरी त्या खोल्यांच्या भाड्यात जहाज हटवण्याचे सामर्थ्य नव्हते. त्यासाठी सरकार, न्यायालये, निविदा आणि कंत्राटदार यांची दीर्घ फेरी लागली. खोलीची खिडकी खासगी असते, पण खिडकीतून दिसणारी वाळू शेजारच्या कोसभर किनाऱ्यावर जे घडते त्याचे फळ असते.

या अनिश्चिततेला रिसॉर्टने शोधलेले उत्तर म्हणजे तरणतलाव. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा निळा तलाव बांधला जातो, आणि पुष्कळसे पाहुणे पोहण्याची हौस तेथेच भागवतात, हे वरवर विसंगत वाटते. पण काठाच्या दृष्टीने पाहिल्यास ते अगदी तर्कसंगत आहे. तलावाची खोली कडेवर अंकांत लिहिलेली असते, पाण्याला ओढ नसते, रात्री दिवे लागतात आणि पाऊस असो वा उधाण, काठ जागेवर राहतो. अलीकडे लोकप्रिय झालेल्या इन्फिनिटी पूल नावाच्या प्रकारात समुद्राकडची भिंत पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवतात. त्यावरून पाणी सतत पातळ पडद्यासारखे ओसंडून खालच्या हौदात पडते आणि पंपाने परत वर आणले जाते, त्यामुळे पोहणाऱ्याला तलाव समुद्रात मिसळल्याचा भास होतो. हा स्थापत्याचा मोठा चतुर डाव आहे, कारण त्यात स्थिर काठ शाबूत ठेवून केवळ त्याचे दिसणे पुसलेले असते. समुद्र येथे पोहण्याचे पाणी राहत नाही, पोहण्यामागचा देखावा होतो.

तलावाचा दुसरा गुण असा, की त्याला कुंपण घालता येते. मुंबईच्या ब्रीच कँडी येथील समुद्रालगतचा, अखंड भारताच्या नकाशाच्या आकारात बांधलेला तरणतलाव या बाबतीत बोलका आहे: तो युरोपियनांसाठी होता आणि स्वातंत्र्य मिळून गेल्यावरही काही वर्षे भारतीयांना तेथे मज्जाव होता. देशाच्या आकाराच्या पाण्यात देशाच्या नागरिकाला उतरता येऊ नये, आणि त्याच वेळी कुंपणापलीकडच्या खडकांवर आदळणाऱ्या समुद्रात त्याला कोणी अडवू नये, या दृश्यात दोन प्रकारच्या काठांमधला भेद पुरता सामावलेला आहे. आजच्या रिसॉर्टचा तलाव वंशावर नव्हे तर भाड्यावर चालतो, आणि खासगी मालकीच्या पाण्याबाबत त्यात गैर काही नाही. अडचण येते ती तलावाचा नियम पुळणीला लावण्याचा मोह होतो तेव्हा.

पुळण कोणाची, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या इतिहासात फार जुने आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने संकलित झालेल्या रोमन कायद्याच्या पाठ्यग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा निसर्गतः सर्वांचे आहेत असे म्हटले असून, हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या लाटा जेथवर पोहोचतात तेथवर किनारा समजावा अशी व्याख्याही दिलेली आहे. भारतात १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले, आणि १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, जी बोलीत सीआरझेड या नावाने ओळखली जाते. उधाणाचे पाणी जमिनीवर जेथवर चढते ती भरतीरेषा या अधिसूचनेने पायाभूत मानली. म्हणजे सुमारे चौदा शतकांच्या अंतराने दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांनी काठ मोजण्यासाठी समुद्राच्याच सर्वांत लांब पावलाचा आधार घेतला. फारशी वस्ती नसलेल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, २०० ते ५०० मीटर या पट्ट्यात परवानगीने हॉटेल चालेल, इमारत नऊ मीटरांहून उंच नको, वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत, आणि लोकांना समुद्राकडे जाता यावे म्हणून दोन रिसॉर्टांच्या मध्ये निदान वीस मीटर रुंदीची मोकळी जागा हवी, असे तपशील त्यात होते. २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचा निर्बंध ५० मीटरांवर आला. कायद्याची रेषाही अशा प्रकारे सरकत राहते, फक्त तिची भरती-ओहोटी वेगळ्या ग्रहांवर अवलंबून असते.

ही तरतूद प्रत्यक्षात कशी कसाला लागते हे गोव्यातल्या दोनापावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या खटल्यात दिसते. चार्ल्स कोरिया यांनीच रचलेले सिदाद द गोवा हे हॉटेल येथे १९८०च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. त्यासाठी सरकारने काही जमीन संपादित करून कंपनीला दिली आणि १९८३च्या करारात किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट खुली राहील अशी अट घातली. पुढे हॉटेलच्या विस्ताराने ही पारंपरिक वाट अडवली गेल्याची तक्रार घेऊन स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले. अनेक वर्षे चाललेल्या या वादात २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यात सार्वजनिक विश्वस्ततेच्या तत्त्वाची सविस्तर मांडणी केली. समुद्रकिनारा, नद्या, वने यांसारख्या संपत्तीचे सरकार मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे आणि म्हणून ती संपत्ती खासगी उपभोगासाठी देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही, असे हे तत्त्व सांगते. हिमाचल प्रदेशातल्या बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलच्या सोयीसाठी वळवल्याच्या प्रकरणात १९९६ साली न्यायालयाने ते भारतीय कायद्यात प्रथम ठामपणे आणले होते. वायंगिणीच्या निकालानंतर गोवा सरकारने २००९ सालीच भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करून हॉटेलच्या बांधकामाला आधार दिला आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. एका खटल्यात तत्त्व जिंकते आणि बांधकामही टिकते, ही आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनातली नेहमीची तडजोड. तरी समुद्राकडे जाणारी पायवाट हा मेहेरबानीचा नसून हक्काचा विषय आहे, हे त्यातून निःसंदिग्धपणे लिहिले गेले.

हक्काने वाट मिळाली तरी पाणी सुरक्षित होत नाही, आणि येथे विहिरीत तयार झालेला पोहणारा पुन्हा विचारात घ्यावा लागतो. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त असल्यामुळे समुद्रात अंग सहज तरंगते, आणि हा सुखद अनुभव त्याचा आत्मविश्वास आणखी वाढवतो. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात येताच फुटते. फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेले पाणी तेथे साचून राहू शकत नाही, ते पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जेथे खिंड असेल तेथून अरुंद, वेगवान प्रवाहाने परत समुद्राकडे धावते. हा परतीचा प्रवाह मनुष्याला तळाशी ओढत नाही, तो त्याला आत नेतो. त्याचा वेग सामान्यतः बेताचा असला तरी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि तेवढ्या वेगाविरुद्ध जगातला निष्णात जलतरणपटूही फार काळ टिकणार नाही. फसवणूक अशी, की प्रवाहाच्या जागी लाटा कमी फुटतात, त्यामुळे काठावरून तीच जागा सर्वांत शांत दिसते. विहिरीच्या शिस्तीत वाढलेला पोहणारा जवळच्या काठाकडे सरळ परतू पाहतो आणि दमतो. समुद्राच्या शिस्तीप्रमाणे त्याने प्रवाहाशी न झुंजता अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडून मग परतावे. पाण्याच्या ओढीची दिशा ओळखण्याचे हे ज्ञान हाताच्या ताकदीने भरून निघत नाही.

म्हणून समुद्रातल्या पोहण्याला काठ लागतोच, फक्त तो रोज नव्याने आखावा लागतो, आणि ते काम जीवरक्षक करतो. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून सरकारने दृष्टी मरीन या संस्थेमार्फत जीवरक्षकांची व्यवस्था केली आहे. सकाळी पाण्याची ओढ पाहून लाल-पिवळे झेंडे रोवले जातात. दोन झेंड्यांमधला पट्टा पोहण्यासाठी तुलनेने सुरक्षित, आणि नुसता लाल झेंडा असेल तेथे पाण्यात उतरायचे नाही, असा त्याचा संकेत असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत समुद्रात पोहण्यास मनाईच असते. हे दोन झेंडे म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेने समुद्राला दिलेला तात्पुरता काठ होय, आणि त्यांच्यामध्ये पंचतारांकित खोलीतला पाहुणा, बसने आलेला शाळेचा गट आणि शेजारच्या वाड्यावरची मुले एकाच पाण्यात, एकाच नजरेखाली पोहतात. मद्य घेऊन किंवा मनाईचा झेंडा डावलून उतरणारे मैदानी मुलखातले पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा त्यांच्यावर बेफिकिरीचा शिक्का मारणे सोपे असते. परंतु पुळणीवर पाऊल टाकण्यापूर्वी भरती, खिंड आणि झेंडा यांचा अर्थ त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितला होता का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

गोवा चार दशकांत जे शिकला ते आता उत्तरेकडच्या मराठी किनाऱ्यासमोर उभे आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासाबरोबर मच्छीमारांच्या घरांत चालणारी निवास-न्याहारीची सोयही रुजली. वि. स. खांडेकरांनी १९२० पासून जेथे शिक्षकी केली आणि १९३० साली जेथे मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्याजवळ, वेळागरच्या पुळणीलगत, पंचतारांकित हॉटेलचा प्रकल्प १९९०च्या दशकापासून चर्चेत आहे आणि जमीनमालकांच्या विरोधामुळे तो दीर्घकाळ रखडला. विकासाला विरोध अशी या वादाची सोपी वाटणी केली जाते, परंतु भांडणाच्या मुळाशी असलेले प्रश्न नेमके आहेत: माडाच्या बागा आणि राहती घरे संपादनातून वगळली जाणार की नाही, होड्या कोठे लागणार, आणि पुळणीकडची वाट कोणत्या कागदावर नोंदवली जाणार. वायंगिणीचा अनुभव असा की हे प्रश्न इमारत उभी राहण्यापूर्वी सुटले नाहीत, तर नंतर ते सोडवायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

चितेगावसारख्या गावातून वर्षाकाठी एखाद्या सहलीसाठी पैसे साठवणाऱ्या कुटुंबाला ऐषारामाचे वावडे असण्याचे कारण नाही; स्वच्छ खोली, चांगले जेवण आणि मुलांना निर्धास्तपणे सोडता येईल असा तलाव या गोष्टी किमतीला मिळतात आणि मिळाव्यात. किमतीला मिळत नाहीत त्या वेगळ्याच: वाळू आपल्या जागी परत आणणारा मोकळा पट्टा, पुळणीमागची न सपाट केलेली टेकडी, करारात लिहिलेली पायवाट, आणि सकाळी झेंडे रोवणारा जीवरक्षक. यांतली एकही गोष्ट रिसॉर्टच्या आवारात नसते, पण यांतली एकही नाहीशी झाली तर आवारातल्या खोलीचे मोल घसरते, हे सिंकेरीच्या झिजलेल्या वाळूने दाखवून दिले आहे. सार्वजनिक काठ हा खासगी सुखाचा प्रतिस्पर्धी नसून त्याचा पाया आहे, आणि ज्या हॉटेलने वाट बंद केली त्याने प्रत्यक्षात आपलाच पाया उकरला, असे म्हणावे लागते. हॉटेलची प्रतवारी तारकांवरून होते. किनाऱ्याची करायची झाल्यास ती, तेथे एक रुपयाही भाडे न भरलेला माणूस किती सहजपणे आणि किती सुरक्षितपणे पाण्यात उतरू शकतो, यावरून करावी लागेल.